मिनी पीसी घेताना प्रोसेसरच्या नावाआधी खालचे स्क्रू बघा

ताई, तुमचा प्रश्न दोनदा वाचला. थोडक्यात परत मांडतो, म्हणजे बाकीच्यांनाही कळेल. कोल्हापूरच्या कसबा बावड्यात घर. २०१४ साली असेंबल करून घेतलेला पीसी, जो चालू करून चहा टाकायला गेलं तर चहा आधी होतो. घरगुती कांदा-लसूण मसाल्याचा व्यवसाय, त्याचा हिशेब एक्सेलमध्ये आणि बिलं टॅलीत. मुलगी अकरावी सायन्सला, तिची ऑनलाइन लेक्चरं. सासऱ्यांना संध्याकाळी यूट्यूबवर कीर्तन लागतं. बजेट २५ हजार. ऑनलाइन एक मिनी पीसी, म्हणजे छोट्या डब्यातला कॉम्प्युटर, पसंत पडलाय: इंटेल एन१००, ८ जीबी रॅम, २५६ जीबी एसएसडी. आणि ओळखीचा दुकानदार म्हणतोय, "असलं डबडं म्हणजे खेळणं, मोठा सीपीयूच घ्या," म्हणजे मोठ्या कॅबिनेटचा पीसी. तुम्ही विचारलंय की हा प्रोसेसर पुरेल का.

पुरेल. पण तेवढ्यावर थांबलो तर उत्तर अर्धंच राहील. शाहूपुरीत माझं दुरुस्तीचं दुकान आहे, बावीस वर्षं झाली. माझ्या टेबलावर येणारी मशिनं प्रोसेसर कमी पडला म्हणून क्वचित येतात. अडॅप्टर गेला, फॅन घासतोय, डिस्क भरली, रॅम वाढवायची आहे पण जागाच नाही, अशा कारणांनी येतात. म्हणून मी तुमचा प्रश्न जरा फिरवून घेतो: तीन वर्षांनी यातलं काही गेलं, तर ते कोल्हापुरात, चार दिवसांत, हजार-दोन हजारांत बदलून मिळेल का? छोट्या डब्यांत खरा फरक इथे पडतो, आणि जाहिरातीच्या पानावर नेमकं हेच लिहिलेलं नसतं.

आधी प्रोसेसरचं मिटवून टाकू. एन१०० हा इंटेलने २०२३ च्या जानेवारीत आणला. चार कोर, आणि ६ वॅटचा. रोजच्या कामात तो साधारण इंटेलच्याच सहाव्या पिढीच्या (पिढीचा आकडा मोठा तितका प्रोसेसर नवा) डेस्कटॉप आय-फाइव्हच्या आसपास चालतो. तुमच्या जुन्या मशीनपुढे तर विचारूच नका. ब्राउझर, एक्सेल, व्हिडिओ कॉल, यूट्यूब हे सगळं तो दमलेला न दिसता करतो. टॅलीला तर तसंही फार काही लागत नाही. यूट्यूब हल्ली बरेच व्हिडिओ एव्ही१ प्रकारात पाठवतं, ते उलगडायची सोयही याच्यात आतच आहे, त्यामुळे कीर्तन अडखळणार नाही. एन९५, एन१५० ही त्याचीच भावंडं. त्यांच्यातल्या फरकावर रात्र जागवू नका. उलट कुणी "आय-सेव्हन आहे, तेवढ्याच पैशात" म्हणून चौथ्या पिढीचं मशीन गळ्यात मारत असेल तर नमस्कार करून बाहेर पडा. विंडोज १० चा आधार, म्हणजे मायक्रोसॉफ्टची नेहमीची अपडेटं, १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला आणि विंडोज ११ अधिकृतपणे आठव्या पिढीच्या खालच्या इंटेलवर चालत नाही. नाव मोठं असून उपयोग काय?

आता रॅम. विंडोज ११ चालू होऊन स्थिर झाली की तीनेक जीबी तिनेच धरलेली असते. वर क्रोमच्या दहा-बारा खिडक्या, त्यात एक लेक्चर चालू, मागे एक्सेल उघडं; ८ जीबी इथे काठावर येते. आज चालेल, दोन वर्षांनी कुरकुरेल. आधी मी लोकांना सांगायचो, आता ८ घ्या, पुढे एक पट्टी वाढवू. हल्ली तसं सरसकट सांगत नाही. एक म्हणजे २०२५ च्या शेवटापासून रॅमचे भाव भडकलेत. एआयच्या सर्व्हरांना सगळी मेमरी लागतेय आणि आपल्या वाट्याला महाग माल येतोय. दुसरं म्हणजे एन१०० मेमरीचा एकच चॅनेल चालवतो, त्यामुळे बहुतेक डब्यांत रॅमचा एकच खाच असतो. वाढवायची म्हणजे आहे ती पट्टी काढून नवी मोठी घालायची, जुनी वाया. आणि काही डब्यांत तर खाचच नसतो, रॅम बोर्डवर झाळलेली (सोल्डर केलेली) असते. तिथे तुम्ही, मी, कुणीच काही करू शकत नाही. त्यामुळे त्या पानावर खाली बारीक अक्षरांत "ऑनबोर्ड" किंवा "एलपीडीडीआर५" असं लिहिलंय का बघा. असेल तर १६ जीबीचाच घ्या, नाहीतर सोडा. "डीडीआर४ सोडिम" लिहिलं असेल तर खाच आहे. मग ८ जीबी घेतला तरी पुढची वाट बंद होत नाही.

डिस्कच्या बाबतीत माझा स्वतःचा हात पोळलाय, तो सांगतो. काही वर्षांपूर्वी असेच स्वस्त डबे मी दुकानात ठेवले होते. ६४ जीबी स्टोरेज, तेही ईएमएमसी, म्हणजे मोबाइलमध्ये असते तसली बोर्डावरची चिप. एक निवृत्त कारकून काका उत्तरेश्वर पेठेतून आले, पेन्शनची कामं आणि नातवंडांचे फोटो एवढ्यासाठी घेऊन गेले. मीच म्हणालो होतो, बास आहे तुम्हाला. दोन महिन्यांत परत आले: "अपडेटला जागा नाही म्हणतंय." साफ करून दिलं. सहा आठवड्यांनी परत. तिसऱ्या वेळी काका काही बोलले नाहीत, डबा टेबलावर ठेवला आणि समोर बसून राहिले. विंडोजच जवळपास निम्मी जागा खाते, मोठं अपडेट आलं की त्याला वर आणखी जागा लागते, उरतं काय? डिस्क झाळलेली, बदलताही येईना. मी तो डबा परत घेतला, त्यांना दुसरं मशीन दिलं आणि नुकसान माझ्या खाती टाकलं. तेव्हापासून ईएमएमसी असलेला डबा मी दुकानात घेत नाही. तुम्ही बघितलेल्यात "एसएसडी" लिहिलंय ते बरं आहे, पण ती एम.२ एसएसडी आहे ना, म्हणजे स्क्रू काढून बदलता येणारी, हे विक्रेत्याला विचारून घ्या. २५६ जीबी तुम्हाला पुरेल.

म्हणून म्हणतो, डबा उलटा करून बघा. खाली चार साधे स्क्रू दिसले आणि ते काढल्यावर झाकण निघून रॅम, एसएसडी आणि फॅन समोर आला, तर तो डबा दुरुस्त होणारा. रबराचे पाय चिकटवून त्याखाली स्क्रू लपवलेले असतात तेही चालतं, फक्त पाय पुन्हा नीट चिकटत नाहीत. पण झाकण पूर्ण दाबून बसवलेलं, उघडायला प्लास्टिक तोडावं लागतं, असा असेल तर तो वापरा आणि फेका जातीचा. ऑनलाइन घेताना हे दिसत नाही. त्या मॉडेलचं नाव आणि पुढे "टियरडाउन" टाकून यूट्यूबवर शोधा, कुणीतरी उघडून दाखवलेला असतोच.

तुमच्या घरात फॅन फार महत्त्वाचा आहे, आणि हे तुम्ही प्रश्नात ओघात लिहिलंत म्हणून मला सुचलं. गेल्या मे महिन्यात एक मिनी पीसी आला, "मधेच बंद पडतो" अशी तक्रार. झाकण काढलं आणि मी सलग सात-आठ वेळा शिंकलो. दुकानातला पोरगाही शिंकायला लागला, शेजारचा झेरॉक्सवाला बघायला आला काय झालं म्हणून. हीटसिंकच्या, म्हणजे प्रोसेसरची उष्णता ओढून घेणाऱ्या धातूच्या, पात्यांमध्ये लालभडक थर बसला होता, तेलकट, बोटाला चिकटणारा. घरात चटणीचं काम. मिरची डंकावर कुटून आणतात, मग घरात कांदा, खोबरं परतून कालवतात. ती धूळ आणि ते तेल फॅन आत ओढतो. मोठ्या कॅबिनेटमध्ये जागा असते म्हणून ते वर्षभर सहन होतं. या डब्यातला फॅन जेमतेम दोन-अडीच इंचाचा, हीटसिंकच्या फटी कंगव्याच्या दातांएवढ्या. चार महिन्यांत बुजल्या. मशीन तापतं, स्वतःला वाचवायला आधी मंद होतं आणि मग बंद पडतं. त्यात बिघडलेलं काही नव्हतं. ब्रश, ब्लोअर, नवी थर्मल पेस्ट, अर्ध्या तासाचं काम. तेव्हा तुमचा पीसी मसाल्याच्या खोलीत नको. तिथेच ठेवायचा असेल तर दर तीन महिन्यांनी उघडून साफ करायचा, नाहीतर बिनफॅनचा, ज्याची पूर्ण बॉडीच उष्णता बाहेर टाकते असा डबा शोधायचा. एन१०० इतका थंड चालतो की त्यात बिनफॅनचे डबे मिळतात. तुमच्यासाठी मी तोच आधी बघेन.

पावसाळ्याचंही सांगतो. मिनी पीसी मॉनिटरच्या पाठीमागे स्क्रूने बसवायची सोय असते, दिसायला झकास. पण तो मॉनिटर ओल धरलेल्या भिंतीला टेकलेला असेल तर जुलै-ऑगस्टमध्ये पोर्टांवर गंज येतो. भिंतीपासून वीतभर पुढे ठेवा आणि पावसाळ्यात रोज अर्धा तास तरी चालू करा, त्याच्याच उष्णतेने तो सुका राहतो. छोट्या डब्याचा एक फायदा मात्र कुठल्याच जाहिरातीत नाही. २०१९ आणि २०२१ च्या पुरानंतर माझ्याकडे चिखलाने भरलेली कॅबिनेटं रांगेने आली होती, कारण घर सोडायच्या घाईत ते धूड कुणी उचलत नाही. तुम्ही तर राजाराम बंधाऱ्याच्या गावच्याच. पंचगंगेचं पाणी ४३ फुटांकडे, म्हणजे धोक्याच्या पातळीकडे, निघालं की तीन वायरी काढायच्या आणि डबा कापडात गुंडाळून पिशवीत टाकायचा.

अडॅप्टर. छोट्या डब्यांमध्ये सगळ्यात जास्त वेळा तोच जातो. घेतल्यावर पहिल्या दिवशी त्याच्या लेबलचा फोटो मोबाइलमध्ये ठेवा. बरेच एन१०० डबे १२ व्होल्टवर चालतात, लॅपटॉपचा चार्जर १९ व्होल्टच्या आसपासचा असतो, आणि दोघांची गोल पिन कित्येकदा अगदी एकसारखी. रुईकर कॉलनीतल्या एका घरात पोराने "पिन बसतेय की" म्हणून लॅपटॉपचा लावला. एक वास आला आणि बोर्ड संपला. व्होल्ट तंतोतंत तेच हवेत. अँपिअर तेवढेच किंवा जास्त चालतात. अडॅप्टरवर बीआयएसचं (भारतीय मानक ब्युरोचं) चिन्ह आणि "आर" ने सुरू होणारा नोंदणी क्रमांक आहे का तेही बघा. नसेल तर विक्रेत्याने पैसे कुठे वाचवलेत ते कळतं. टाइप-सी वर चालणारा डबा मिळाला तर सोन्याहून पिवळं, तसला चार्जर कुठेही मिळतो.

आता दुकानदाराच्या म्हणण्याकडे येतो. तो पूर्ण चुकीचा नाही. मोठ्या कॅबिनेटमध्ये प्रत्येक भाग सुटा मिळतो, एसएमपीएस (आतला वीज पुरवणारा भाग) गेला तर लक्ष्मीपुरीत जाऊन तासाभरात दुसरा. मुलीला पुढे थ्रीडी डिझाइन किंवा व्हिडिओ एडिटिंग करायचं असेल, किंवा घरात कुणी खरे गेम खेळणार असेल, तर मोठंच घ्या, ग्राफिक्स कार्डाला जागा लागते. ती अकरावीला आहे. दोन वर्षांनी इंजिनिअरिंगला गेली तर तिला तसाही लॅपटॉपच लागणार. त्यासाठी आज घरच्या मशीनवर जादा पैसे घालू नका असं मला वाटतं, पण हा तुमच्या घरचा निर्णय.

दुकानदाराने तुम्हाला तिसरी वाट सांगितली नाही, कदाचित त्याच्याकडे तो माल नसेल म्हणून. मोठ्या कंपन्या ऑफिसात लेनोव्होचे टायनी, डेलचे मायक्रो, एचपीचे मिनी वापरतात आणि काही वर्षांनी लॉटने काढून टाकतात. पुस्तकाएवढा डबा, आत आठव्या पिढीचा आय-फाइव्ह, उदाहरणार्थ ८५००टी, सहा कोरचा. एन१०० पेक्षा तो चांगलाच दांडगा आहे, रॅमच्या दोन खाचा असतात, सगळं स्क्रूवर उघडतं, सुटे भाग मिळतात. वीज थोडी जास्त खातो आणि वय झालेलं असतं. माझ्या स्वतःच्या काउंटरवर बिलिंगला हाच आहे. पण असं रिफर्बिश्ड, म्हणजे वापरलेलं आणि ठीकठाक करून विकलेलं, मशीन घेताना डोळे उघडे ठेवा. चालू करतानाच बायोसमध्ये, म्हणजे विंडोजच्या आधी उघडणाऱ्या मशीनच्या मूळ सेटिंग्जमध्ये, जाऊन बघा. डेलला एफ२, एचपीला एफ१०, लेनोव्होला एफ१. तिथे पासवर्ड मागितला तर मशीन जुन्या मालकाच्या कुलपात आहे, घेऊ नका. क्रिस्टलडिस्कइन्फो नावाचं फुकट सॉफ्टवेअर एसएसडीचं आरोग्य टक्क्यांत आणि चाललेले तास दाखवतं. विंडोजच्या सेटिंग्जमध्ये अ‍ॅक्टिव्हेशनखाली "डिजिटल लायसन्स" आलं पाहिजे. बिल जीएसटीचं, त्यावर सिरियल नंबर, आणि वॉरंटी तोंडी नाही.

नव्या अनोळखी ब्रँडच्या डब्यालाही ही लायसन्सची तपासणी करा. आणि आत आधीच भरून आलेल्या विंडोजवर मी विश्वास ठेवत नाही. आल्याबरोबर फॉरमॅट मारून मायक्रोसॉफ्टच्या साइटवरची विंडोज टाकतो. त्यात बँकेचं काम होणार असतं.

पैशांचं गणित करताना लोक एक चूक करतात. लॅपटॉपमध्ये पडदा, कीबोर्ड, कॅमेरा, माइक, स्पीकर, बॅटरी सगळं येतं. डब्यात यातलं काहीच नसतं. मुलीच्या लेक्चरला कॅमेरा-माइक लागेल, तो धरा. मॉनिटर तुमचा जुनाच वापरता येईल, पण २०१४ च्या मॉनिटरला बहुतेक निळ्या पिनची व्हीजीए असेल आणि नव्या डब्याला एचडीएमआय. मधे तीन-चारशे रुपयांचा कन्व्हर्टर लागतो. "टीव्हीलाच जोडू" असं मनात असेल तर थांबा. ३२ इंची "एचडी रेडी" टीव्ही कीर्तनाला छान, पण त्यावर एक्सेल उघडलं की अक्षरं फुटतात आणि अर्ध्या तासात डोळे दुखायला लागतात.

यूपीएस घ्या, यावर वाद नको. लॅपटॉपसारखी बॅटरी नाही, लाइट गेली की टॅली उघडी असतानाच मशीन मरणार. मिनी पीसी आणि छोटा मॉनिटर मिळून ३५-४० वॅट जेमतेम, त्यामुळे साधा ६०० व्हीएचा यूपीएससुद्धा बॅटरी धड असेल तर अर्धा तास सहज काढतो. घरी इन्व्हर्टर असेल तर त्याच्या मागचं बटण "यूपीएस मोड" वर आहे का ते आधी बघा; असेल तर वेगळा यूपीएस कदाचित लागणारही नाही. वीजबिलाचं मात्र फार मनावर घेऊ नका. रोज सहा तास धरले तर १० वॅटचा डबा महिन्याला २ युनिटही घेत नाही, ७० वॅटचा जुना टॉवर साडेबारा घेतो. फरक दहा-अकरा युनिटचा. तेवढ्यासाठी कुणी कॉम्प्युटर बदलत नाही.

तर तुमच्या घरापुरतं सांगायचं तर, मसाल्याच्या जवळ ठेवायचा असेल तर बिनफॅनचा एन१००, १६ जीबी, बदलता येणाऱ्या एसएसडीचा. दुसऱ्या खोलीत ठेवता येत असेल आणि समोर बसून तपासून घेता येत असेल तर रिफर्बिश्ड आठव्या पिढीचा आय-फाइव्ह, १६ जीबी. जुना मॉनिटर ठेवलात तर दोन्ही वाटांना यूपीएस आणि कॅमेरा धरून २५ हजारांत बसवता यावं. रॅमच्या भावामुळे हजार-दोन हजार इकडेतिकडे होतील. दुकानातून घेत असाल तर तुमची हिशेबाची एक्सेल फाइल पेन ड्राइव्हवर घेऊन जा. ती उघडा, एक व्हिडिओ लावा, आठ-दहा खिडक्या उघडा आणि पंधरा मिनिटं तशीच बसा. टास्क मॅनेजरमध्ये मेमरी ८५ टक्क्यांच्या वर आणि डिस्क सारखी १०० वर दिसली तर तो डबा परत ठेवा. हात लावून बघा, कोमट चालेल, चटका नको.

आणि जुना पीसी भंगारात देण्याआधी त्याची हार्डडिस्क काढून घ्या. चार स्क्रू आणि दोन वायरी. बाजारात बाहेरून वीज घेणारं ३.५ इंची यूएसबी केसिंग मिळतं, त्यात घालून नव्या मशीनला जोडली की दहा वर्षांचे फोटो आणि टॅलीचा जुना डेटा जसाच्या तसा दिसेल. फक्त टॅलीचं फोल्डर आधी नव्या एसएसडीवर कॉपी करा आणि मगच उघडा, थेट जुन्या डिस्कवर काम सुरू करू नका. ती आता म्हातारी झालीय.